सक्तीच्या ‘पूलिंग’मागचा इतिहास

तेल किंवा नैसर्गिक वायू काढण्यासाठी शेजारशेजारच्या जमिनी, प्रसंगी मालकाच्या संमतीवाचूनही, एका विहिरीखाली जोडण्याची, म्हणजेच ‘पूलिंग’ची, तरतूद अमेरिकेतील बहुतेक तेलउत्पादक राज्यांत आहे. भारतात तेलाचे पट्टे सरकार देते. अमेरिकेत मात्र भूगर्भातील तेलावर सामान्यतः खासगी मालकी असते आणि वादाचे मूळ तिथेच आहे.

तेल बांध ओळखत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1889 मध्ये तेल-वायूची तुलना वन्य प्राण्यांशी केली आणि ‘काढील त्याचे तेल’ हे तत्त्व रूढ झाले. शेजारी आपले तेल ओढून नेत असेल, तर आपणही विहीर खोदावी, एवढाच उपाय उरला. 1928 मध्ये ओक्लाहोमा सिटीत तेल सापडल्यावर घरांच्या प्लॉटांत डेरिक, म्हणजे विहीर खोदण्याचे मनोरे, उभे राहिले. अशा दाटीने खर्च वाढतो, भूगर्भातील दाब अकाली घटतो आणि बरेच तेल खडकातच अडकून पडते.

म्हणून राज्यांनी विहिरींमध्ये किमान अंतर सक्तीचे केले. पण त्यामुळे लहान तुकड्याच्या मालकाला विहीर खोदता येईना आणि त्याचे तेल मात्र शेजारी नेऊ लागला. हा अन्याय दूर करण्यासाठी ओक्लाहोमा आणि न्यू मेक्सिको यांनी 1935 मध्ये सक्तीचे पूलिंग आणले. हिशेब क्षेत्रफळावर चालतो: 640 एकरांच्या गटात 4 एकर असलेल्याचा वाटा 160 वा. ओक्लाहोमात असा मालक खर्चात भागीदार होऊ शकतो, नाहीतर ठरलेला बोनस आणि रॉयल्टी घेऊन बाजूला राहतो.

टेक्सासने असा कायदा बराच काळ टाळला. तिथे तेल-वायूचे नियमन करणाऱ्या रेलरोड कमिशनने लहान तुकड्यांवर विहिरींना सवलती दिल्या आणि उत्पादनाचा वाटाही त्यांना झुकता ठेवला. 1961 आणि 1962 मध्ये न्यायालयाने वायूक्षेत्रांतील ही वाटणी रद्द केली, तेव्हा कुठे 1965 मध्ये कायदा झाला. तोही आधी रास्त प्रस्ताव देण्याच्या अटीवर. पेनसिल्व्हेनियाचा 1961 चा कायदा ओनोंडागा थराखाली जाणाऱ्या विहिरींपुरता होता. मार्सेलस शेल हा वायूधारी खडकाचा थर त्याच्या वर असल्याने या शतकातील वायूच्या लाटेत तो निरुपयोगी ठरला.

खडकात आडव्या दूरवर जाणाऱ्या आजच्या विहिरींना मोठे सलग क्षेत्र लागते. त्यामुळे लहान मालकाच्या रक्षणासाठी आलेली ही सक्ती आता बहुधा कंपन्याच मागतात, आणि हा बदल मला चिंताजनक वाटतो. कोलोरॅडोने 2019 मध्ये अर्जदाराकडे गटातील 45 टक्क्यांहून अधिक खनिजहक्कांची मालकी किंवा संमती असण्याची अट घातली.