डोन्ट म्हणजे डू नॉटच असतं का?

इंदुरात भंवरकुआंकडे इंग्लिशचे एवढे क्लास आहेत, कुठल्याही मुलाला विचारा, तो सांगेल की फॉर्मल लेटरमध्ये डोन्ट, कान्ट चालत नाही, पूर्ण डू नॉट, कॅनॉट लिहायचं. परीक्षेपुरतं ठीकच आहे. पण का, तर म्हणे तो आळशीपणा आहे, हे काही पटत नाही.

तक्रार तशी जुनीच. लेखक जोनाथन स्विफ्टने 1710 मध्ये टॅटलर नावाच्या नियतकालिकात असल्या तोडलेल्या शब्दांनी भरलेलं एक खोटं पत्रच छापलं होतं, भाषा बिघडली म्हणून. तीनशे वर्षं झाली, डोन्ट आहे तिथेच आहे.

आता गंमत बघा. "डोन्ट यू नो?" हे बरोबर, पण त्यातला डोन्ट सोडवून "डू नॉट यू नो?" केलं तर आज कुणी तसं बोलत नाही, नॉटला उचलून यूच्या पुढे न्यावं लागतं, "डू यू नॉट नो?" असं. म्हणजे नुसतं एक अक्षर गाळून डोन्ट झालेला नाही, त्याचं वागणंच वेगळं आहे. आणि विलचं विलन्ट न होता वोन्ट होतं, कारण मध्ययुगीन इंग्लिशमधलं वोल हे रूप त्यात अडकून राहिलंय. आर्नल्ड झ्विकी आणि जेफ्री पुलम या भाषाशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये असेच पुरावे गोळा करून मांडलं की हा शेवटचा न्ट म्हणजे चिकटलेला नॉट नाहीच, तो क्रियापदाचा प्रत्यय आहे. आळशी माणसाला एवढे नियम कशाला लागतील! "येस, आय अ‍ॅम" मधलं अ‍ॅम तर कितीही घाई असली तरी आखडता येत नाही, कारण पुढचा शब्द गाळलेला असतो ना.

आपणही करतोय, नाहीये असं दिवसभर बोलतो आणि अर्जात मात्र "करीत आहे" लिहितो, तसंच हे.

मग फॉर्मलमध्ये नको का म्हणतात? बोलण्यात ही रूपं खूप, रिसर्च पेपरमध्ये फार कमी, म्हणून ती दिसली की गप्पांचा सूर लागतो, बस. इंग्लिश लेखनाच्या नियमावल्यांचंही एकमत नाही, अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची एपीए टाळायला सांगते, शिकागो नावाच्या नियमावलीला चालतं. मला ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटचा सल्ला सगळ्यात शहाणा वाटतो, तिथे यू'ल (यू विल) सारखं चालतं पण कान्ट, डोन्ट टाळायला सांगतात, कारण वाचताना बऱ्याच लोकांना कान्टचं कॅन दिसतं आणि अर्थ एकदम उलटा होतो.