बंद पाकिटातली बारा नावं

15 ऑक्टोबर 2024 रोजी मुंबईत सात जणांनी राज्यपाल नियुक्त आमदार म्हणून शपथ घेतली. काही तासांतच विधानसभा निवडणूक जाहीर झाली. विधान परिषदेच्या 78 पैकी या 12 जागा जून 2020 पासून रिकाम्या होत्या. त्यातल्या पाच त्या दिवशीही रिकाम्याच राहिल्या.

राज्यघटनेच्या कलम 171 नुसार या जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणकारांसाठी आहेत. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर याच वाटेने सभागृहात आले. मंत्रिमंडळ नावं सुचवतं, राज्यपाल नेमणूक करतात. किती दिवसांत, हे मात्र घटनेत कुठेच लिहिलेलं नाही. सगळा वाद त्या एका मोकळ्या जागेत शिरला.

ठिणगी एप्रिल 2020 मध्येच पडली होती. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होते, पण कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते आणि सहा महिन्यांची मुदत मे अखेरीस संपत होती. तेव्हा रिकाम्या असलेल्या एका राज्यपाल नियुक्त जागेवर त्यांना नेमावं, अशी शिफारस मंत्रिमंडळाने दोनदा केली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी ती मान्य केली नाही. त्याऐवजी परिषदेच्या रिकाम्या जागांची निवडणूक घ्यावी, असं पत्र त्यांनी निवडणूक आयोगाला लिहिलं. अखेर ठाकरे परिषदेवर बिनविरोध निवडून आले.

6 नोव्हेंबर 2020 ला महाविकास आघाडीचे तीन मंत्री बारा नावांचं बंद पाकीट घेऊन राजभवनावर गेले. त्यात आनंद शिंदे होते, ऊर्मिला मातोंडकर होत्या, तसे एकनाथ खडसे आणि राजू शेट्टीही होते. कलावंतांच्या जागांवर राजकारण्यांची सोय लावण्याची खोड कोणत्याच पक्षाला सुटलेली नाही, हे इथे स्पष्ट म्हटलंच पाहिजे. पण यादी पटत नसेल तर ती कारणासह परत पाठवता आली असती. तसं झालं नाही. माहिती अधिकारात विचारल्यावर आधी ‘यादी उपलब्ध नाही’ असं उत्तर मिळालं. अपिलात ती राज्यपालांकडेच असल्याचं सांगण्यात आलं.

नाशिकच्या एका रहिवाशाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 2021 ला निकाल दिला. शिफारस स्वीकारणं किंवा परत पाठवणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे, तेही वाजवी मुदतीत, आणि आठ महिने पुरेसे होते, असं न्यायालयाने नोंदवलं. पण राज्यपालांना न्यायालयाला उत्तरदायी न धरणाऱ्या कलम 361 मुळे त्यांना आदेश देता येत नव्हता. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं पान हेच: चूक दिसली, पण ती दुरुस्त करून घ्यायला हाती काही नव्हतं.

मग सत्ता पालटली. सप्टेंबर 2022 मध्ये एकनाथ शिंदे सरकारने जुनी यादी मागे घेतली आणि दोन वर्षं एकाही नावावर निर्णय न झालेली ती यादी राजभवनातून लगेच परतही आली. सर्वोच्च न्यायालयाने या जागांबाबत ‘जैसे थे’ सांगितलं, म्हणजे नव्या नेमणुका थांबल्या. ती स्थगिती जुलै 2023 मध्ये उठली. यादी मागे घेण्याविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये फेटाळली. तोवर शपथा होऊन जवळपास तीन महिने झाले होते.