मोन्तेपुल्चानो: गावाची वाइन आणि वाणाची वाइन

इटलीच्या लाल वाइनच्या बाटल्यांवर ‘मोन्तेपुल्चानो’ हे नाव दोन अगदी वेगळ्या कारणांनी छापलेले असते, आणि केवळ त्या नावावर विसंबून बाटली निवडली तर जेवणाशी तिचा मेळ बसेलच असे नाही. ‘व्हिनो नोबिले दि मोन्तेपुल्चानो’ या वाइनमध्ये ते एका गावाचे नाव आहे. हे गाव टस्कनीत, सिएना प्रांतात, सुमारे ६०० मीटर उंचीच्या टेकडीवर वसलेले आहे. ‘मोन्तेपुल्चानो द’आब्रुत्सो’मध्ये मात्र ते द्राक्षाच्या एका वाणाचे नाव असून, ही वाइन एड्रियाटिक समुद्र आणि ग्रान सास्सो, मायेल्ला या पर्वतांच्या मधल्या आब्रुत्सो प्रदेशात तयार होते.

गावाच्या वाइनमध्ये मुख्य द्राक्ष मोन्तेपुल्चानो नसून सांज्योव्हेजे असते. ते किमान ७० टक्के असावे लागते आणि स्थानिक लोक त्याला ‘प्रुन्योलो जेन्तिले’ म्हणतात. इटलीतील वाइनचा सर्वोच्च दर्जा, म्हणजे डीओसीजी, तिला १९८० साली मिळाला. विक्रीपूर्वी ती किमान दोन वर्षे आणि ‘रिझेर्व्हा’ असल्यास तीन वर्षे मुरवावी लागते. सांज्योव्हेजेचा रंग फार गडद नसतो, पण आम्लता चढी आणि तुरटपणा ठाम असतो. तिच्या सोबतीच्या पदार्थांचे सगळे गणित मला या आम्लतेतच दिसते. टोमॅटो आणि लसूण यांच्या रश्शातले ‘पिची’ हे हाताने वळलेले जाड पास्ते त्या भागात घरोघरी होतात. टोमॅटोच्या आंबटपणापुढे कमी आम्लतेची वाइन बेचव वाटते, तर नोबिले आपली चव टिकवून धरते. शेजारच्या कियाना खोऱ्यातील कियानिना गाईच्या मांसाचा निखाऱ्यावर भाजलेला जाड तुकडा आणि जवळच्या पिएन्झा गावचे मेंढीच्या दुधाचे मुरलेले चीज हीदेखील तिची जुनी जोडी आहे, कारण मांसातील प्रथिने व चरबी वाइनचा तुरटपणा सौम्य करतात.

आब्रुत्सोच्या वाइनमध्ये मोन्तेपुल्चानो हे द्राक्ष किमान ८५ टक्के असते. हे वाण उशिरा पिकते आणि त्याच्या सालीत रंग इतका भरपूर असतो की रस सालीसोबत थोडाच वेळ ठेवून त्यापासून ‘चेरास्वोलो’ ही चेरीच्या रंगाची वेगळी वाइनही करतात. लाल वाइन मात्र गडद, भरीव, काळ्या फळांच्या चवीची आणि नोबिलेपेक्षा कमी आंबट लागते. तिथे वेली पूर्वापार डोक्यावरच्या मांडवावर चढवतात; नाशिक-सांगलीकडे खाण्याच्या द्राक्षांचे मांडव पाहिलेल्या वाचकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. हा मेंढपाळांचा प्रदेश असल्यामुळे या वाइनचा खरा जोडीदार ‘अर्रोस्तिचीनी’ आहे. मेंढीच्या मांसाचे लहान चौकोनी तुकडे काडीत ओवून लांब, अरुंद शेगडीवर भाजतात आणि मिठाखेरीज त्यांना फारसे काही लावत नाहीत. धुराचा वास आणि मेंढीच्या चरबीचा जडपणा यांना ही फळाळ, मऊ वाइन जशी सांभाळते तशी नोबिले सांभाळेल असे मला वाटत नाही.

किमतीत दोघींमध्ये बरेच अंतर असते आणि नेहमीच्या जेवणासाठी मी आब्रुत्सोचीच बाटली सुचवेन. पण आब्रुत्सोची वाइन म्हणजे हलक्या दर्जाची, हा समज चुकीचा आहे: तेरामोच्या टेकड्यांवरील ‘कोल्लीने तेरामाने’ या वाइनला २००३ साली डीओसीजी दर्जा मिळाला असून, मंद आचेवर दीर्घकाळ शिजवलेल्या मटणासोबत ती कुठेही कमी पडत नाही.

महाराष्ट्रात अकलूजची फ्रातेल्ली कंपनी सांज्योव्हेजे पिकवते. तिथल्या हवामानामुळे ती वाइन टस्कनीच्या वाइनसारखी लागणार नाही, तरी या द्राक्षाची ओळख करून घ्यायची असेल तर ती टोमॅटोच्या साध्या पास्त्यासोबत घ्यावी, तिखट रश्शासोबत नव्हे. मिरचीमुळे तुरटपणा आणि अल्कोहोलची जळजळ दोन्ही वाढतात.