काहिलीची वाफ आणि विमानाची शेपटी

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत एक आबा आहेत. परवा आभाळाकडं बोट करून म्हणाले, "बघालास न्हवं? औषध मारून चाललंय बघ." डोक्यावरून थोड्या थोड्या वेळानं दोन विमानं गेली होती. पहिल्याच्या मागं बोटभर पांढरी रेघ, तीही लगेच पुसली गेली. दुसऱ्याची मात्र लांबत गेली, फुगली आणि अर्ध्या तासात पिंजलेल्या कापसासारखी पसरली.

विमानं दोन्ही सारखीच, मग एकाचीच रेघ का टिकली? आबांचा सवाल रास्त होता. उत्तर मात्र त्यांना मोबाइलवरच्या व्हिडिओनं आधीच देऊन टाकलं होतं: सरकारं गुपचूप रसायनं फवारतात, त्याला म्हणतात केमट्रेल. अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात उठलेली ही आवई आता मराठी आवाज लावून फिरते आहे.

आबांची उभी हयात ऊस-गुळात, काहिलीपाशी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी गेली. मी विचारलं, "आबा, जानेवारीत पहाटे काहिलीवरची वाफ कुठवर दिसते?"

"पार बांधापातुर."

"आणि मार्चात, दुपारच्याला?"

"कायच न्हाई. वर जाईस्तवर जिरती."

रस तोच, चुलवाण तेच. फरक पडतो तो बाहेरच्या हवेनं. आभाळातही हेच चालतं. विमानाचं इंधन म्हणजे मुळात केरोसीन. ते एक किलो जळलं की साधारण सव्वा किलो पाणी तयार होतं. किलोतून सव्वा किलो कसं? इंधनातल्या हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो म्हणून. ही गरम वाफ बाहेरच्या गोठवणाऱ्या हवेत मिसळली, की धुरातल्या काजळीच्या कणांभोवती तिचे थेंब होतात आणि लगेच गोठतात. नीट पाहिलं तर इंजिनाच्या मागं थोडी मोकळी जागा सोडूनच रेघ सुरू होते. वाफ निवायला तेवढा क्षण लागतो. हवा किती थंड असली की रेघ उमटते, याचं गणित जर्मनीत श्मिट यांनी 1941 मध्ये आणि अमेरिकेत ॲपलमन यांनी 1953 मध्ये मांडलं. आपल्याकडं 35,000 फुटांवर तापमान उणे 40 अंशांच्या आसपास, म्हणजे नेमकं सीमारेषेवर असतं. त्यामुळं एक विमान जरा वरून आणि दुसरं जरा खालून गेलं, तरी एकाची रेघ उमटते आणि दुसऱ्याची नाही.

उमटलेली रेघ टिकणार की नाही, हे ठरवतं तिथलं बाष्प. हवा कोरडी असेल तर बर्फाची परत वाफ होते. पण वरच्या हवेत काही पट्टे असे असतात, की तिथं बाष्प बर्फाच्या गरजेपेक्षा जास्त साठलेलं असतं, फक्त कण नसल्यामुळं ढग धरत नाही. विमान तिथून गेलं की विरजण पडल्यासारखं होतं. पसरलेल्या त्या ढगातलं बहुतेक पाणी विमानाचं नसतंच, हवेचंच असतं. "एवढा ढग एका विमानातनं कसा निघंल?" याचं उत्तर एवढंच.

दुसरा पुरावा म्हणून पावसाच्या पाण्यात ॲल्युमिनियम सापडल्याचं सांगतात. आता कोल्हापूरकरांनी तरी यावर दचकू नये. राधानगरी-शाहूवाडीच्या पठारांवर बॉक्साइट आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिजच. पृथ्वीच्या कवचात सुमारे 8 टक्के ॲल्युमिनियम असतं. धूळ उडाली की ते पावसात उतरणारच.

2016 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या विषयातल्या 77 तज्ज्ञांना विचारलं. 76 जणांना गुप्त फवारणीचा कसलाही पुरावा दिसला नव्हता. उरलेल्या एकानं एका दुर्गम जागी हवेत बेरियम जास्त आढळल्याचं नोंदवलं. व्हिडिओवाल्यांना तो एकच पुरतो.

सूर्याचं ऊन अडवायला आभाळात फवारणी करायची कल्पना मात्र खोटी नाही. 1991 मध्ये फिलिपीन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीनं दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि जगाचं तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशानं उतरलं. 2006 मध्ये नोबेल विजेते पॉल क्रुट्झन यांनी, हे मुद्दाम करावं का याचा अभ्यास व्हावा, असं उघडपणे लिहिलं. हार्वर्डनं आखलेला छोटा प्रयोग तर विरोधामुळं 2024 मध्ये न उडताच गुंडाळला गेला. शिवाय असली फवारणी टिकते ती स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या वरच्या थरात. आपल्या अक्षांशावर तो थर सुरू होतो 16 किलोमीटरच्या वर, आणि प्रवासी विमानं उडतात 11-12 वर. तिथं फवारलेलं काही दिवस-आठवड्यांत खाली येतं. सूर्य झाकायचा तर ही जागाच चुकीची.

कृत्रिम पाऊस ही आणखी वेगळी गोष्ट. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूर भागात 276 ढगांवर प्रयोग केला. वाऱ्याच्या दिशेनं पुढच्या शंभर चौरस किलोमीटर भागात पाऊस सुमारे 18 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. पण त्यासाठी आधी आभाळात ढग लागतो. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगा 55 फुटांवर गेली, ती असल्या फवारणीनं नव्हे.

काळजी करायचीच तर त्या साध्या बर्फाची करावी. टिकणाऱ्या रेघा रात्री जमिनीची उष्णता अडवतात. विमानांमुळं होणाऱ्या तापमानवाढीत त्यांचा वाटा इंधनाच्या कार्बनइतकाच, कदाचित जास्तही असू शकतो. म्हणून बाष्पाचे ते पट्टे टाळून, दोन-तीन हजार फूट वर किंवा खाली विमान न्यायचे प्रयोग आता चालू आहेत.

आबांना सगळं पटलं असं नाही. बॉक्साइटचं पटलं. परवा मात्र फिरताना वर बघून म्हणाले, "आज एक बी रेघ टिकंना. वर हवा वाळल्याली दिसती."