विमान-प्रतिकृतीतील कॉकपिट

मांडून ठेवण्यासाठी ठरावीक प्रमाणात बनवलेल्या विमानाच्या प्रतिकृतीतील वैमानिकाची जागा. हिच्यात खुर्ची, नियंत्रणदांडी, उपकरणफलक, बाजूच्या भिंती आणि वरचे पारदर्शक छत (कॅनॉपी) येते. प्लास्टिकच्या किटमध्ये विमानाचे धड शेंगेच्या टरफलासारखे डावे आणि उजवे असे दोन भागांत मिळते. कॉकपिट त्यात आधी बसवून मगच धड चिकटवता येते, त्यामुळे बहुतेक सूचनापत्रकांची पहिली पायरी खुर्ची आणि फलकाचीच असते. धड जुळल्यावर आत कुंचलासुद्धा नीट फिरत नाही. राहिलेली चूक मग कायमची.

प्रचलित प्रमाणे म्हणजे १/७२, १/४८ आणि १/३२. यांतले १/७२ हे इंच-फुटांच्या हिशेबातून आले : १ इंचाला ६ फूट. ब्रिटनमध्ये १९३६ साली बाजारात आलेल्या ‘फ्रॉग पेंग्विन’ किटांनी ते वापरले आणि पुढे ते जगभर रुळले. सुरुवातीच्या बऱ्याच किटांत कॉकपिट म्हणण्यासारखे काही नसेच. एक साधी खुर्ची आणि तीवर वैमानिकाचा बाहुला, कधी तर नुसते डोके. उडते मॉडेल करणाऱ्यांना वजन वाचवायचे असते, म्हणून ते आजही तेवढ्यावरच भागवतात. स्थिर प्रतिकृतीत मात्र पाहणाऱ्याची नजर सगळ्यात आधी काचेतून आत जाते.

प्रमाण जितके लहान, तितकी जाडी जास्त छळते. १/७२ मध्ये १ मिमी जाडीचे प्लास्टिक म्हणजे खऱ्या विमानात ७२ मिमी, म्हणजे घराच्या विटेएवढी भिंत. प्रत्यक्षात तिथे पातळ पत्रा असतो. म्हणून अनुभवी माणूस नवे सुटे भाग विकत घेण्याआधी कॉकपिटची कड आतून खरवडून पातळ करतो. बाहेरून दिसते ती फक्त कडच, मागची जाडी कोणी पाहत नाही. खर्च शून्य आणि फरक सगळ्यात मोठा, तरी नवशिके नेमके हेच टाळतात.

वैमानिकाला खुर्चीशी बांधणाऱ्या पट्ट्यांचेही तसेच. खुर्चीवर साच्यातच उठवलेले पट्टे रंगवले तरी लादल्यासारखे वाटतात. ते तासून काढून शिशाच्या पातळ पत्र्याचे, मास्किंग टेपचे किंवा औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटावरील फॉइलचे नवे पट्टे करतात. कापडी पट्टा खुर्चीच्या कडेवरून ओघळतो, मांडीच्या जागी वळतो, बकलापाशी थोडा चुरगळतो. हे वळण आले की रिकामी खुर्चीही नुकताच कोणी उठून गेल्यासारखी दिसते.

रंग देश आणि काळाप्रमाणे बदलतात. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश विमानांत राखाडीकडे झुकणारा हिरवा, अमेरिकी विमानांत झिंक क्रोमेट या गंजरोधक लेपाच्या थरातून आलेल्या पिवळसर-हिरव्या छटा, जर्मन लढाऊ विमानांत आधी करडा-हिरवट आणि १९४१ नंतर जवळजवळ काळा करडा. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या दारावर आतून एक पहार अडकवलेली असे. मॉडेलांत ती हमखास लालभडक दिसते, पण युद्धकाळात ती आतल्या रंगाचीच असे. अगदी शुद्ध काळा रंग मात्र सहसा वापरत नाहीत. लहान वस्तूवर तो भोकासारखा दिसतो, म्हणून त्यात थोडा करडा मिसळतात.

मूळ रंग वाळला की पातळ केलेला गडद रंग खाचांत सोडतात (वॉश) आणि मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग उंचवट्यांवरून फिरवतात (ड्रायब्रशिंग). काचेआड प्रकाश कमी पोचतो, म्हणून हा उठाव हातात धरल्यावर जरा भडक वाटेल इतका ठेवावा लागतो. अचूक पण सौम्य रंगवलेले कॉकपिट छताखाली गेले की नुसता अंधार उरतो.

उपकरणफलकाचे मार्ग अनेक : साच्यातील उठाव रंगवणे, पाण्यात सुटणारे डेकल (कागदावरून सरकवून चिकटवायचे छापील चित्र) लावणे, किंवा रसायनाने कोरलेल्या पितळी पत्र्याचा फलक लावून त्यामागे तबकड्या छापलेली फिल्म ठेवणे. चेक प्रजासत्ताकातील एडुआर्ड कंपनीचे असे कोरीव संच, काही तर आधीच रंगवलेले, सर्वत्र ओळखीचे आहेत. अलीकडे उठाव असलेली छापील डेकलही मिळतात. कोणताही मार्ग घेतला तरी शेवटी प्रत्येक तबकडीवर चमकदार वार्निशचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब सोडतात. तो वाळला की तबकडीवर काच बसते. रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या द्रव राळेत) ओतलेले तयार कॉकपिट सगळ्यात देखणे, पण त्याच्या भिंती जाड असतात. ते घालून धड मिटत नाही, हे कळेपर्यंत सगळे रंगवून झालेले असते. म्हणून गोंद न लावता धड दोन-चार वेळा जुळवून पाहायचे.

भारतीय हवाई दलाची विमाने करणाऱ्यांचे आवडते उदाहरण मिग-२१. हे विमान १९६३ मध्ये दलात आले, परवान्याखाली नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बनले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये जेमतेम १० सेंमी. १९७१ च्या युद्धातील ‘एफएल’ ही आवृत्ती करताना एक घोटाळा नेहमी होतो. त्याचे छत पुढच्या काचेसकट एकसंध असून पुढच्या बाजूला उचलले जाते. नंतरच्या ‘एम’ आणि ‘बिस’ या आवृत्त्यांमध्ये पुढची काच जागेवर राहते, छत उजवीकडे उघडते आणि खुर्चीही वेगळी असते. एकाची खुर्ची दुसऱ्यात गेली की जाणकार लगेच ओळखतो. या घराण्याच्या फलकावर मधोमध एक उभी पांढरी रेघ असते. विमान गिरक्यांत सापडले तर दांडी त्या रेघेशी आणून मधोमध धरायची, यासाठी ती आहे. किटमध्ये ती केसाएवढी बारीक, पण सापडली की आतला तो निळसर-हिरवा पसारा एकदम मिगचा होतो.

संदर्भासाठी खरे विमान पाहणे उत्तम. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर जवळून पाहता येतात. मात्र उघड्यावरची विमाने पुन्हा पुन्हा रंगवलेली असतात. आकार आणि जोड तिथून घ्यावेत, रंगाची छटा घेऊ नये.

छत लावताना झटपट चिकटणारा सुपरग्लू टाळतात. त्याची वाफ काचेवर पांढरट धुक्यासारखी बसते, बोटांचे ठसेही उमटवते. त्याऐवजी लाकडाचा पांढरा गोंद, म्हणजे आपला फेविकॉल जातीचा, वापरतात. तो पारदर्शक वाळतो आणि चुकल्यास ओल्या बोळ्याने पुसता येतो. छत बसवण्याआधी आत एकदा फुंकर मारणे भाग असते. ०.२ मिमी जाडीचा कपड्याचा तंतू १/७२ मध्ये वैमानिकाच्या मांडीवर पडलेला जवळजवळ दीड सेंटिमीटर जाडीचा दोर असतो.