नटक्रॅकर सिंड्रोम : निदान

महाधमनी आणि तिच्यातून फुटून आतड्यांकडे उतरणारी सुपिरियर मेसेंटेरिक धमनी यांच्या बेचक्यात डाव्या मूत्रपिंडाची शीर चिमटली जाऊन त्रास होणे, हा नटक्रॅकर सिंड्रोम. नाव अक्रोड फोडण्याच्या चिमट्यावरून आले असले, तरी सुपारीचा अडकित्ता आठवला की रचना लगेच कळते. उजवी शीर आखूड असून या बेचक्यातून जात नाही. क्वचित डावी शीर महाधमनीच्या मागून जाते व मणक्यावर दाबली जाते.

लघवीतून रक्त आणि डाव्या कुशीतले दुखणे ही मुख्य लक्षणे. अंडकोश वा अंडाशयाची डावी शीर याच शिरेला मिळत असल्याने तिथेही रक्त तुंबते : पुरुषांत व्हेरिकोसील (अंडकोशातल्या शिरा फुगणे), स्त्रियांत ओटीपोट जड होणे. खडा, गाठ आणि संसर्ग आधी वगळावे लागतात.

सुरुवात लघवीपासून. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी वेड्यावाकड्या दिसल्या, तर संशय मूत्रपिंडाच्या गाळणीवर जातो; इथे त्या बहुधा गोल, शाबूत असतात. प्रथिनांसाठी दोन नमुने घ्यावेत : उठल्याउठल्या एक, हिंडूनफिरून झाल्यावर दुसरा. झोपताना मूत्राशय रिकामे केले नसेल, तर आदल्या संध्याकाळची लघवी पहिल्या नमुन्यात मिसळते आणि दोन्हींतला फरकच पुसला जातो. प्रथिने फक्त दुसऱ्यात सापडली, तर ती उभे राहण्याशी निगडित समजावीत.

मग उपाशीपोटी डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी. चिमटलेल्या जागचा रक्तवेग मूत्रपिंडाजवळच्या वेगाच्या पाचपटीहून जास्त भरला, तर संशय बळावतो. मात्र अरुंद भाग अगदी छोटा असतो, श्वासागणिक हलतो आणि वेग मोजण्याचा कोन ६०° च्या वर गेला की आकडा फसवतो. रुग्ण बहुधा सडपातळ. प्रोब (पोटावर टेकवायचे सोनोग्राफीचे उपकरण) जोरात दाबला तर शीर तपासणाऱ्याच्याच हाताने चपटी होते.

सीटी स्कॅनमध्ये दोन धमन्यांमधला कोन, चोचीसारखी निमुळती शीर आणि अडलेले रक्त ज्यांतून वाट काढते त्या फुगलेल्या पर्यायी शिरा पाहतात. अरुंद शीर धडधाकट माणसांतही दिसते, म्हणून केवळ चित्रावरून निदान करणे चूक.

शस्त्रक्रिया किंवा स्टेंटचा विचार असेल, तर कॅथेटर घालून ही शीर आणि ती जिला मिळते ती अधोमहाशीर यांतल्या दाबाचा फरक मोजतात. तो एरवी ०–१ मिमी पारा असतो. ३ किंवा अधिक असल्यास निदानाला आधार मिळतो. पर्यायी शिरांनी रक्ताला वाट करून दिली असेल, तर खऱ्या रुग्णातही हा आकडा कमी भरतो.