‘जशी आम्ही क्षमा करतो’ : प्रभूच्या प्रार्थनेतल्या एका अटीचा इतिहास

पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन कॅसियन हा मठवासी मार्सेलमध्ये राहत होता. तरुणपणी इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंशी झालेले संवाद त्याने तिथे बसून लिहून काढले. त्यात आयझॅक नावाच्या साधूच्या तोंडी एक मजेदार तक्रार येते. चर्चमध्ये सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात, तेव्हा काही जण एका ठरावीक ओळीपाशी आले की गप्प बसतात. ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ ही ती ओळ. ती संपली की पुन्हा सगळ्यांच्या सुरात सूर. आपल्याच शब्दांनी आपण बांधले जाऊ नये, म्हणून ही चलाखी. देवापुढे असल्या पळवाटा चालत नाहीत, असं आयझॅक बजावतो. ते ठीकच आहे. पण ती ओळ किती अवघड आहे, हे बिनदिक्कत म्हणणाऱ्यांपेक्षा या गप्प बसणाऱ्यांनाच जास्त कळलं होतं, असं मला वाटतं.

येशूने शिष्यांना शिकवलेली ही प्रार्थना मत्तयच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, सहाव्या अध्यायात आणि लूकच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायात आहे. लूकची आवृत्ती आखूड, मत्तयची लांब. चर्चमध्ये मत्तयचीच रुजली. तुझं राज्य येवो, रोजची भाकर दे, वाइटापासून सोडव, अशा त्यात सगळ्या मागण्या आहेत. भाविक स्वतः काय करतो याचा उल्लेख फक्त एकदा येतो, तो क्षमेच्या मागणीत. प्रार्थना संपल्यावर येशू तिच्यातल्या एकाच मुद्द्याकडे परत वळतो आणि तोही हाच : तुम्ही लोकांना क्षमा केली नाही, तर तुमचा पिता तुम्हालाही करणार नाही. मार्कच्या शुभवर्तमानात तर ही प्रार्थनाच नाही, तरी प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही मनात असेल तर आधी क्षमा करा, ही सूचना आहे.

हे काही आकाशातून पडलेलं नव्हतं. येशू यहुदी होता, त्याचे श्रोतेही यहुदी. त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी जेरुसलेमच्या बेन सिरा या पंडिताने लिहून ठेवलं होतं की शेजाऱ्याच्या अपराधाची क्षमा कर, म्हणजे तू प्रार्थना करशील तेव्हा तुझ्या पापांची क्षमा होईल. सुमारे इ.स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात प्रायश्चित्ताच्या दिवसाविषयी आणखी रोखठोक नियम आहे. माणूस आणि देव यांच्यातली पापं त्या दिवसाने फिटतात. माणसामाणसातली पापं मात्र ज्याचं वाईट केलं त्याची समजूत घातल्याशिवाय फिटत नाहीत. हा नियम लक्षात ठेवावा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू हेच एका प्रसंगातून सांगतो. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आला आहेस आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. तर अर्पण तिथेच ठेव, जा, आधी त्याच्याशी समेट कर. अर्पणाची वेदी होती जेरुसलेमच्या मंदिरात. ऐकणारे गालीलातले, म्हणजे घर तीन-चार दिवसांच्या पायपिटीवर. वेदीपाशी जनावर सोडून गालीलला परत जायचं, भावाचा रुसवा काढायचा आणि पुन्हा तेवढंच अंतर तुडवत यायचं! ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी हसलं असेल. शिवाय इथे राग दुसऱ्याच्या मनात आहे. चूक आपली असू शकते. नुसतं मनातल्या मनात माफ करून भागत नाही.

मत्तयच्या अठराव्या अध्यायातला दाखला तर सरळ हिशेबाचाच आहे. भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, असं येशूचा शिष्य पेत्र विचारतो. सात नव्हे, साताच्या सत्तर पट, असं उत्तर येतं. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात लामेख सत्याहत्तर पट सूड घेण्याची बढाई मारतो. तिचा रोख इथे उलटवलेला दिसतो. मग गोष्ट सुरू होते. एका चाकरावर राजाचं दहा हजार टॅलंट कर्ज आहे. एक टॅलंट म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. एकूण सहा कोटी रोज झाले. गालील आणि पेरिया या प्रांतांतून तिथला शासक हेरोद अंतिपा याला वर्षाकाठी दोनशे टॅलंट मिळत, असं इतिहासकार योसेफस सांगतो. त्या हिशेबाने हे कर्ज पन्नास वर्षांच्या महसुलाएवढं. राजा ते सगळं सोडून देतो. बाहेर पडल्यावर त्या चाकराला एक सोबती भेटतो, त्याच्याकडून शंभर दीनार येणं असतं. शंभर दिवसांची मजुरी. लहान रक्कम नाही, पण फेडता येण्याजोगी. हा त्याची मानगूट धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. राजाला कळताच माफी रद्द होते. क्षमेचा विचार इथे देण्याघेण्याच्या भाषेत होतो, मनाच्या हळव्या अवस्थेच्या नव्हे. कर्जापायी माणूस बायकापोरांसकट विकला जाण्याची भीती त्या ऐकणाऱ्यांना ठाऊक होती.

पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा त्यानंतर लवकरच लिहिलेली ‘डिडाखे’ नावाची छोटी मार्गदर्शिका १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात सापडली. दिवसातून तीनदा प्रभूची प्रार्थना म्हणा, असं तिच्यात आहे. ज्याचं सोबत्याशी भांडण चालू आहे त्याने समेट होईपर्यंत रविवारच्या मेळ्यात येऊ नये, असंही आहे. क्षमा ही पंगतीत बसण्याची अट होती. सगळ्यांसमोरचा मामला.

या अटीची खरी कसोटी लागली ती तिसऱ्या शतकात, कार्थेजमध्ये. रोमन सम्राट डेसियसच्या फर्मानानुसार इ.स. २५० मध्ये प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यायचा होता. असे काही दाखले पपायरसवर लिहिलेले इजिप्तमध्ये सापडले आहेत : अर्जदाराचं नाव, गाव, मी नेहमीच देवांना अर्पण करत आलो आहे आणि आत्ताही तुमच्यासमोर केलं, प्रसाद चाखला, खाली साक्षीदाराची सही. सरकारी कागद, दुसरं काय! पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. काहींनी नकार दिला, ते तुरुंगात गेले, छळाने मेले.

छळ ओसरल्यावर डगमगलेले लोक परत आले आणि दारात उभे राहिले. त्यांचं करायचं काय? तुरुंगातून जिवंत सुटलेल्यांना मोठा मान होता आणि त्यांच्यातले काही जण शिफारशीची पत्रं सढळ हाताने वाटू लागले : अमक्याला आणि त्याच्या घरच्यांना आत घ्या. रोममध्ये नोव्हेशियनचा गट म्हणाला, कुणालाच नाही, कधीच नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन मधे सापडला. छळाच्या काळात तो स्वतः लपून राहिला होता, त्यामुळे त्याच्याकडे बोट दाखवणारेही होतेच. २५१ मध्ये कार्थेजला बिशपांची परिषद भरली. नुसता दाखला घेतलेल्यांना एकेकाची चौकशी करून आत घ्यावं, प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त करत राहावं आणि मरणाच्या दारात त्यांना सामावून घ्यावं, असं ठरलं. पुढे नव्या छळाची चिन्हं दिसू लागली, तेव्हा प्रायश्चित्तात असलेल्या सगळ्यांनाच घेतलं गेलं.

सिप्रियनचा प्रभूच्या प्रार्थनेवरचा ग्रंथ याच सुमाराचा आहे, म्हणून तो नुसतं भक्तिपर लेखन म्हणून वाचता येत नाही. आपण ‘माझ्या पित्या’ म्हणत नाही, ‘आमच्या पित्या’ म्हणतो, कारण प्रार्थना एकट्याची नसते, असं तो लिहितो. भावाशी वैर धरून मेलेल्याला हौतात्म्यही वाचवू शकत नाही, असंही. घरातच फूट पडलेली असताना हौतात्म्य हे सर्वांत मोठं पुण्य मानणाऱ्या लोकांना हे ऐकवायला धाडस लागतं. सिप्रियनचा स्वतःचा शिरच्छेद २५८ मध्ये झाला.

यानंतर शतकाहून अधिक काळाने उत्तर आफ्रिकेतलाच बिशप ऑगस्टिन याने या ओळीला रोजच्या वापरातली केली. बाप्तिस्मा घेऊ पाहणाऱ्यांना ही प्रार्थना पाठ करून घेताना तो सांगे की बाप्तिस्मा एकदाच होतो, पण रोजच्या बारीकसारीक पापांसाठी ही ओळ आहे. संतांना ही ओळ स्वतःसाठी म्हणायची गरज नाही, ते ती इतरांसाठी किंवा नम्रतेपोटी म्हणतात, असं काही जणांचं मत होतं. ४१८ च्या कार्थेज परिषदेने ते फेटाळलं. ही ओळ सगळ्यांनाच लागू.

मठात हा प्रश्न आणखी घरगुती होतो. तीच माणसं, तेच ताट, तीच खोकणारी शेजारची खाट, जन्मभर. सहाव्या शतकात बेनेडिक्टने लिहिलेल्या नियमावलीत पहाटेच्या आणि संध्याकाळच्या उपासनेच्या शेवटी मठाधिपतीने ही प्रार्थना सगळ्यांना ऐकू येईल अशी मोठ्याने म्हणावी, असं आहे. कारणही दिलेलं आहे : एकत्र राहताना कुरबुरींचे काटे उगवतातच, दिवसातून दोनदा हे वचन कानांवर पडलं की माणसं ते उपटून टाकतील. कॅसियनच्या गप्प बसणाऱ्यांवरचा हा उपाय म्हणावा लागेल.

पुढची हजार वर्षं थोडक्यात सांगता येतात, कारण या काळात भर भावाकडून धर्मगुरूकडे सरकला. आयर्लंडच्या मठांतून एकांतातल्या पापकबुलीची पद्धत पसरली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती माणसाला वर्षातून किमान एकदा ती बंधनकारक केली. पापाच्या शिक्षेत सूट देणाऱ्या पत्रांच्या व्यवहारावरून १५१७ मध्ये लूथरने वाद उकरला, तो सर्वांना माहीत आहे. पण ‘जशी आम्ही क्षमा करतो’ या शब्दांनी लूथर आणि कॅल्विन या दोघाही धर्मसुधारकांना पेचात टाकलं. क्षमा केवळ कृपेने मिळते म्हणायचं, आणि इथे तर सरळ सौदा दिसतो! दुसऱ्याला क्षमा करणं ही देवाच्या क्षमेची किंमत नाही. ती आपल्याला मिळाली आहे याची खूण आहे, असा मार्ग त्यांनी काढला. उत्तर हुशार आहे, मत्तयचं वाक्य मात्र त्यानंतरही तेवढंच कडक राहतं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सामूहिक बाजू टिकली. महाउपवासाच्या आदल्या रविवारी संध्याकाळी जमलेले सगळे एकेक करून एकमेकांपुढे वाकतात आणि क्षमा मागतात. धर्मगुरूही रांगेत असतो.

आपल्याकडे ही प्रार्थना पोर्तुगीज काळात आली. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं कोकणीतलं धर्मशिक्षणाचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये राशोलला छापलं गेलं. देशावर ती अमेरिकन मराठी मिशनने नेली. अहमदनगरचं त्यांचं केंद्र १८३१ चं. मराठी प्रोटेस्टंट बायबलमधली ओळ ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ अशी आहे. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या ज्या गावांत लोकांनी सावकारांची कर्जखतं जाळली, तिथे ही ओळ नुसतं रूपक म्हणून ऐकली गेली नसणार. आज भारतातल्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ही प्रार्थना झाल्यावर शेजाऱ्याकडे वळून हात जोडतात. शांतीच्या चुंबनाऐवजी नमस्काराला १९६९ मध्ये मान्यता मिळाली.

सावकारीचा धागा मध्य प्रदेशातही भेटतो. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवण्याचं काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात त्यांना भोसकून मारण्यात आलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने संमती दिली. २००६ मध्ये तो बाहेर आला. ओडिशात १९९९ मध्ये पती ग्रॅहम स्टेन्स आणि दोन मुलगे जिवंत जाळले गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनीही मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं, पण क्षमा वेगळी आणि गुन्ह्याची शिक्षा वेगळी, हेही त्यांनी स्पष्ट केलं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पाद्र्यांच्या तोंडी ‘क्षमा कर’ हे वाक्य फार सहज येतं आणि बहुधा ते मार खाणाऱ्या बायकोलाच सांगितलं जातं. लूकच्या सतराव्या अध्यायातलं पूर्ण वाक्य असं आहे की भावाने अपराध केला तर त्याला दटाव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. पहिला अर्धा भाग प्रवचनांत सहसा गळतो.

आणि अपराधी चर्चच असेल तर? १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सेंट पीटरमध्ये गतकाळातल्या ख्रिस्ती लोकांच्या पापांसाठी जाहीर क्षमायाचना केली, त्यात यहुद्यांवरच्या अन्यायाचाही उल्लेख होता. ती याचना देवाकडे होती. मिश्नाचा नियम मानणाऱ्याला इथे अडखळायला होतं : ज्यांचं वाईट झालं त्यांना विचारलं का? २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस कॅनडात अल्बर्टातल्या मास्क्वाचिसला गेले आणि चर्चने चालवलेल्या निवासी शाळांमध्ये आदिवासी मुलांवर झालेल्या अत्याचारांसाठी त्यांनी आदिवासी समाजांची समोरासमोर क्षमा मागितली. काहींनी ती स्वीकारली. त्या शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे माजी अध्यक्ष मरे सिंक्लेअर यांनी मात्र, क्षमा काही ख्रिस्ती व्यक्तींच्या वतीने मागितली गेली, संस्था म्हणून चर्चने जे केलं त्याची कबुली तीत नाही, असा आक्षेप घेतला.